गेमिंग लॅपटॉपमधील एसएसडी मंदावली, तर शोध कोठून सुरू करावा

एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली माहिती साठवणारी चिपांची डिस्क, संथ झाल्याची तक्रार घेऊन कोणी आले, तर मी ‘किती संथ’ हे नंतर विचारतो आणि ‘केव्हा संथ’ हे आधी. लॅपटॉप सुरू केल्यापासूनच सारे रेंगाळते आहे, की अर्धा-पाऊण तास खेळल्यावर रेंगाळू लागते, की मोठा गेम उतरवून घेताना पहिली काही मिनिटे वेग झकास असतो आणि मग एकदम कोसळतो, की एखाद्याच गेममध्ये अडखळते आणि बाकी सगळे सुरळीत चालते, या चार तक्रारी ऐकायला सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत. पहिलीचे मूळ बहुधा जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असते, दुसरीचे उष्णतेत, तिसरीचे एसएसडीच्या अंतर्गत रचनेत, आणि चौथीचा तर बऱ्याचदा एसएसडीशी संबंधच नसतो. हे न ठरवता इकडून तिकडून सापडलेले दहा उपाय एकापाठोपाठ एक केले, तर त्यांतल्या एखाद्याने गुण आला तरी तो कशाने आला हे कळत नाही, आणि उरलेल्या नवांनी काय बिघडवून ठेवले तेही कळत नाही.

आपल्याकडे नेमके काय बसवले आहे

एम.२ हे केवळ आकाराचे आणि खाचेचे नाव आहे, वेगाचे नव्हे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा त्या पट्टीवर जुन्या, संथ साटा जोडणीची एसएसडी असू शकते आणि नव्या, वेगवान एनव्हीएमई पद्धतीचीही. साटाची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंतच असते, त्यामुळे ५३० दाखवणारी साटा एसएसडी आजारी नसून तिच्या परमावधीला पोहोचलेली असते. पीसीआयई ही प्रोसेसरशी जोडणारी वाट, आणि लेन म्हणजे तिच्या समांतर मार्गिका. पीसीआयई ३.० च्या चार लेन वापरणारी एनव्हीएमई एसएसडी ३,५०० च्या आसपास जाते, आणि पीसीआयई ४.० ची चांगली एसएसडी ७,००० च्या घरात पोहोचते. मात्र वेगवान एसएसडी जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली, तर वेग लॅपटॉपच्या मर्यादेनेच ठरतो. लॅपटॉपसाठीच्या इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांना आणि एएमडीच्या रायझन ५००० मालिकेला पीसीआयई ३.० पर्यंतचीच मजल आहे. गेमिंग लॅपटॉपांत ४.० आले ते इंटेलच्या अकराव्या पिढीबरोबर आणि रायझन ६००० मालिकेबरोबर. अशा जुन्या यंत्रात ७,००० चा आकडा खोक्यावर वाचून ३,५०० बद्दल हळहळण्यात अर्थ नाही.

हे तपासण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पुरेसे आहे. त्यात ‘ट्रान्सफर मोड’ या शीर्षकापुढे दोन नोंदी उभ्या रेघेने विभागलेल्या दिसतात. डावीकडची नोंद सध्या चालू असलेल्या जोडणीची असते आणि उजवीकडची एसएसडीच्या क्षमतेची. दोन्ही सारख्या असतील, तर जोडणीचा प्रश्न निकालात निघाला. डावीकडे चारऐवजी दोनच लेन दिसत असतील, तर आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण अनेक गेमिंग लॅपटॉपांत दुसरा एम.२ स्लॉट मुळातच कमी लेनचा किंवा आधीच्या पिढीचा असतो. तसे असेल तर एसएसडी पहिल्या स्लॉटमध्ये हलवणे हाच उपाय. माहितीपत्रकात चार लेन असूनही दोन दिसत असतील, तर पट्टी नीट बसलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, खालचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. मग एसएसडीचा स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी वर उचलली जाते. ती बाहेर घेऊन त्याच तिरक्या कोनात पुन्हा आत सरकवावी, सोनेरी संपर्कपट्ट्या जवळपास दिसेनाशा झाल्या की खाली दाबून स्क्रू लावावा. सरळ आडवी धरून ढकलण्याचा मोह होतो, आणि नेमकी तेव्हाच ती अर्धवट बसते.

मोजमाप, पण शिस्तीने

मोजण्यासाठी क्रिस्टलडिस्कमार्क वापरावे. चार्जर जोडलेला असावा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आणि पीसीआयई जोडणी या दोन्हींचा हात आखडता घेतात. गेमचे लाँचर, ब्राउझर आणि क्लाउडशी फायली जुळवणारे प्रोग्रॅम बंद करावेत, आणि विंडोज सुरू झाल्यावर दहा मिनिटे थांबावे, कारण त्या काळात यंत्रणा स्वतःच बरीच उलथापालथ करत असते.

निकालाच्या चार ओळींपैकी सगळ्यांची नजर पहिल्या ओळीवर खिळते, कारण तेथे हजारांचे आकडे असतात. खेळताना जाणवणारा फरक मात्र शेवटच्या ओळीत असतो. चार केबीचे विखुरलेले तुकडे एका वेळी एक असे वाचण्याचा वेग ती ओळ दाखवते, आणि चांगल्या एनव्हीएमई एसएसडीचाही तो आकडा साधारण ४० ते ९० एमबी इतकाच असतो. तो पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तोच २० च्या खाली घसरला असेल, तर जोडणी ठीक असूनही मागे काहीतरी अडते आहे असे समजावे. मोजलेले आकडे तापमानासह आणि रिकाम्या जागेसह एका फाईलमध्ये लिहून ठेवावेत. पुढचे सारे निदान तुलनेवरच चालते. वारंवार चाचणी घेणे मात्र टाळावे, कारण प्रत्येक चाचणी एसएसडीवर काही जीबी माहिती लिहिते आणि एसएसडीचे आयुष्य लेखनानेच झिजते.

उष्णता

गेमिंग लॅपटॉपमध्ये एसएसडी एकटी तापत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या नळ्या तिच्या शेजारून किंवा कधीकधी अगदी वरून जातात, आणि एसएसडी काहीही काम करत नसतानाही शेजाऱ्यांच्या उष्णतेने तापत जाते. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींसाठी उत्पादक ० ते ७० अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा देतात, आणि तिच्या आसपास किंवा थोडे वर गेले की कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार पाहणारी चिप, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. नेमका किती अंशांवर, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते. हा बिघाड नसून संरक्षण आहे, म्हणून ते बंद करण्याचा मार्ग शोधत बसू नये.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप थंड असताना एकदा मोजावे, मग अर्धा तास जड गेम खेळावा आणि गेम बंद केल्याबरोबर लगेच पुन्हा मोजावे. दोन मोजमापांत थोडा फरक असणारच. वेग निम्म्यावर आला आणि तापमान ७५ ते ८० च्या वर गेले, तर कारण सापडले. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये थंड असताना ३,४०० वाचणारी एसएसडी चाळीस मिनिटांच्या खेळानंतर ११०० वर येत होती आणि तापमान ८३ दाखवत होते. ही एसएसडी मीच बसवली होती, तिच्यावर उष्णता वाहून नेणारा मऊ पॅडही मीच लावला होता, त्यामुळे संशय सगळीकडे घेतला, फक्त त्या पॅडवर घेतला नाही. शेवटी झाकण उघडून पॅड नखाने उचलला, तेव्हा त्याच्या वरच्या बाजूची पारदर्शक संरक्षक फिल्म तशीच चिकटलेली निघाली. खालच्या बाजूची सोललेली आणि वरची विसरलेली. ती काढल्यावर तेच मोजमाप ६६ अंशांवर आणि ३,३०० वर स्थिरावले.

पॅड लावायचाच असेल, तर त्याची जाडी अंदाजाने ठरवू नये. एसएसडीवर खेळण्यातल्या मातीची लहानशी गोळी ठेवून झाकण हलक्या हाताने बंद करावे आणि उघडून चपटी झालेली गोळी पट्टीने मोजावी. जितके मिलिमीटर भरतील, त्याहून अगदी किंचित जाड पॅड घ्यावा. फार जाड पॅडमुळे एसएसडीची पट्टी वाकते, आणि वाकलेल्या पट्टीवरचे सोल्डरचे जोड आज नाही तरी काही महिन्यांनी दगा देतात. झाकण धातूचे असेल तर पॅडचा उपयोग होतो, प्लास्टिकचे असेल तर उष्णता तेथेच अडून राहते. तेव्हा पातळ धातूची पट्टी बसवणे बरे, अर्थात तेवढी जागा असेल तर. थंडावा प्रामुख्याने कंट्रोलरला हवा असतो, त्यामुळे पॅड निदान त्या चौकोनी चिपवर तरी नीट टेकलेला असावा. एसएसडीवरचे लेबल काढू नये. काही लेबलांत तांब्याचा थर असतो, आणि ते काढल्याने वॉरंटी बहुधा जाते. हे सर्व करण्याआधी पंख्यांतली धूळ काढणे आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता मागची बाजू किंचित उंचावून कडक पृष्ठभागावर ठेवणे, एवढ्यानेही काही अंशांचा फरक पडतो.

सुरुवातीला झकास, मग एकदम मंद

मोठा गेम एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना पहिले काही जीबी भरभर जातात आणि पुढे वेग इतका घसरतो की जुनी हार्ड डिस्क परवडली असे वाटते. यात बिघाड काहीच नसतो. आजच्या एसएसडीतील टीएलसी प्रकारच्या मेमरीत प्रत्येक पेशीत तीन बिट साठवतात, क्यूएलसी प्रकारात चार. इतके बारकाईने लिहायला वेळ लागतो, म्हणून कंट्रोलर रिकाम्या पेशींचा काही भाग तात्पुरता प्रत्येकी एकच बिट लिहून वापरतो आणि नंतर सवडीने तीच माहिती दाटीने रचून ठेवतो. ही तात्पुरती जागा भरली, की खरा वेग उघडा पडतो, आणि क्यूएलसीमध्ये तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो.

आता हिशोब पाहा. १ टीबीची क्यूएलसी एसएसडी पूर्ण रिकामी असेल, तर एका पेशीत चारऐवजी एकच बिट लिहिल्यामुळे ही तात्पुरती जागा फार तर २५० जीबी होऊ शकते. तीच एसएसडी ८० टक्के भरलेली असेल, तर उरलेल्या २०० जीबीतून जास्तीत जास्त ५० जीबीच निघते, आणि प्रत्यक्षात उत्पादक त्याहून कमीच ठेवतात. म्हणजे नवी असताना शंभर जीबीचा गेम एका दमात गिळणारी एसएसडी भरल्यावर त्याच गेमला अर्ध्या वाटेत धापा टाकू लागते. यावर कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी, आणि वेग कोसळल्यावर लॅपटॉप बंद न करता काही वेळ चालू पण निवांत राहू द्यावा, म्हणजे कंट्रोलर आपली आवराआवर पूर्ण करतो. गेम खेळताना लेखन कमी आणि वाचन अधिक असल्यामुळे हा दोष खेळात फारसा आडवा येत नाही. गेम साठवण्यासाठी क्यूएलसी एसएसडी मला चालते, विंडोजसाठी मी ती घेणार नाही.

वाचनाचाही असाच एक आजार असतो. पेशींतला विद्युतभार काळानुसार किंचित सरकतो आणि महिनोन्महिने न हललेली माहिती वाचताना कंट्रोलरला पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते. सॅमसंगच्या ८४० इव्हो एसएसडीत २०१४ साली हा प्रकार उघडकीस आला होता, आणि कंपनीला त्यासाठी नवे फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतलेच सॉफ्टवेअर, द्यावे लागले. जुना गेम संथ आणि त्याच एसएसडीवर नुकताच उतरवलेला गेम वेगवान, असे दिसले तर हा संशय घ्यावा. आधी उत्पादकाच्या स्वतःच्या साधनातून फर्मवेअर अद्ययावत आहे का ते पाहावे, आणि नसल्यास माहितीची प्रत काढून ठेवूनच ते बदलावे. नंतर तो गेम दुसऱ्या डिस्कवर हलवून परत आणला, तर सारी माहिती नव्याने लिहिली जाते.

विंडोजमधील सेटिंग

यात पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. एसएसडीला कोणती माहिती पुसली गेली हे कळवणारी ट्रिम ही सोय चालू असावी. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ही खिडकी शोधून उघडावी. तेथे आपल्या ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले असावे आणि शेवटची तारीख आठवड्या-दोन आठवड्यांच्या आतली असावी. तसे नसेल तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबावे. प्रकार चुकून हार्ड डिस्क असा दिसत असेल तर ते दाबू नये, कारण मग विंडोज फायलींची जुळवाजुळव करू लागते, ज्याचा एसएसडीला उपयोग शून्य आणि झीज मात्र होते. अशा वेळी आधी स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नव्याने घालावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत ‘पॉलिसीज’ या पानावर लेखनाचे कॅशिंग, म्हणजे लिहायची माहिती आधी तात्पुरती जमवून ठेवणे, चालू असल्याची खूण असावी. त्याखालची दुसरी खूण, जी कॅश रिकामी करण्याची पद्धत बंद करते, तिला हात लावू नये. तिने मोजमाप फुगते, पण लॅपटॉप अचानक बंद पडला तर फायली खराब होऊ शकतात. पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’, म्हणजे पीसीआयई जोडणीची वीजबचत, चार्जरवर असतानापुरते बंद ठेवल्यास मधूनमधून येणारे सूक्ष्म झटके काही यंत्रांत थांबतात.

विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्शन केलेले, म्हणजे माहिती कुलूपबंद केलेली असेल, तर विखुरलेल्या वाचन-लेखनाचा वेग काहीसा घटतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने केलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेले असते. ते काढून वेग मिळवता येतो. मात्र लॅपटॉप ही हरवण्याजोगी वस्तू आहे, म्हणून घराबाहेर जाणाऱ्या लॅपटॉपवर मी ते ठेवतोच.

इंटेलच्या काही लॅपटॉपांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क हाताळण्याची व्हीएमडी किंवा रेड ही पद्धत निवडलेली असते. ती सरळ बदलून टाकली, तर विंडोज सुरूच होत नाही आणि निळा पडदा येतो. बदलायचेच असेल, तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्यावी, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूट निवडावे, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्यावे आणि मग ती निवड काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. वेगात मिळणारा फायदा सहसा इतका अल्प असतो, की दुसरे कारण सापडत नसेल तरच या वाटेला जावे.

एसएसडी निर्दोष असते तेव्हा

गेम अडखळत असतानाच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचे पान उघडे ठेवून पाहावे. सक्रिय वेळ १०० टक्के आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र अगदी किरकोळ, तसेच प्रतिसादाचा वेळ शेकडो मिलिसेकंद, हे चित्र दिसले तर एसएसडी खरोखरच अडली आहे. वेग मोठा असेल, तर ती अडलेली नसून कोणीतरी तिला राबवत आहे, आणि तो कोण हे रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क पानावर समजते. बहुतेक वेळा तेथे अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट किंवा गेमचा लाँचर सापडतो. स्टीमसारखे लाँचर लहानसे अपडेट लावतानाही कित्येक जीबींच्या फायली नव्याने जुळवून लिहितात, त्यामुळे डाउनलोड शून्यावर आणि डिस्क मात्र धडधडते आहे हे दृश्य अगदी नेहमीचे आहे. लॅपटॉपची मेमरी (रॅम) ८ जीबीच असेल, तर विंडोज एसएसडीलाच मेमरीसारखे वापरू लागते. तेथे एसएसडी बदलून काही होत नाही, मेमरी वाढवावी लागते.

सक्रिय वेळ जेमतेम ५ टक्के आणि तरीही गेम अडखळतो, अशा वेळी एसएसडीचा पिच्छा सोडावा. नव्या भागात शिरताना प्रथमच येणारे झटके बहुधा शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असल्याचे असतात, आणि लोडिंगच्या पडद्यावरचा बराचसा वेळ दाबून ठेवलेल्या फायली उलगडण्यात प्रोसेसरकडे जातो. डायरेक्टस्टोरेज हे तंत्र २०२२ साली पीसीवर आले ते हाच भार हलका करण्यासाठी, पण गेम त्यासाठी लिहिलेला नसेल तर त्याचा उपयोग नाही.

प्रकृती खालावली असेल तर

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये टक्केवारीतली प्रकृती पाहावी, आणि तिच्याइतकेच लक्ष मीडिया व डेटा इंटेग्रिटी एरर्स या नोंदीकडे द्यावे. तेथले आकडे मुळात सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने दिसतात. फंक्शन मेनूमधून ते दशमान करून घेतले नाहीत, तर उगाच धसका बसतो. ही नोंद शून्यच असावी. लॅपटॉप मध्येच अर्धा मिनिट गोठून पुन्हा चालू होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम नोंदींत १२९ आणि १५३ हे क्रमांक शोधावेत. पहिला सांगतो की ड्राइव्हने उत्तर न दिल्याने तिला रीसेट करावे लागले, आणि दुसरा सांगतो की काम पुन्हा करून पाहावे लागले. एखादी नोंद ड्रायव्हरमुळे किंवा सैल बसलेल्या पट्टीमुळेही येते. रोज येऊ लागल्या, तर वेगाच्या चाचण्या तेथेच थांबवाव्यात, गेमच्या सेव्ह फायलींसह सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढावी आणि वॉरंटीची मुदत पाहावी.

प्रकृती उत्तम, जोडणी बरोबर, तापमान आटोक्यात आणि जागा मोकळी असूनही वेग उतरलेला असेल, तर शेवटचा उपाय म्हणून उत्पादकाच्या साधनातून सिक्युअर इरेज करावे. त्यात सर्व पेशी एकदम रिकाम्या होतात आणि माहिती परत मिळत नाही, म्हणून प्रत काढल्यावर ती उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. विंडोज पुन्हा घातल्यावर, पहिला गेम उतरवण्यापूर्वीच, थंड लॅपटॉपवर एक मोजमाप घ्यावे आणि त्याचे चित्र त्या एसएसडीवर न ठेवता फोनमध्ये ठेवावे.